सोडलेल्या जिनिंगवर परत जावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३१, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. तालुक्याजवळच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात) आधी हेल्पर, नंतर सात हंगाम फिटर. २४ डीआर (डबल रोलर) मशीन त्यांच्या हाताखाली होत्या. हंगामाचे आठ महिने हातात १४,५०० रुपये, उरलेले चार महिने ओव्हरहॉलिंगपुरते ९,०००. गेल्या ऑक्टोबरात, कापूस यायला लागला त्याच पंधरवड्यात, ते चाकणला ठेकेदारामार्फत मेंटेनन्सला लागले. कागदावर पगार २१,०००. निघताना शेठ एवढंच बोलले, ‘जाय बापा. पन कापूस दारात आला अन् तू चाल्ला, हे मी ध्यानात ठेवीन.’ आता दहा महिने झालेत. ओव्हरटाइम बंद झालाय, एका खोलीत पाच जण राहतात. घरी आई, पत्नी, दीड वर्षाची मुलगी आणि तीन एकर कोरडवाहू. जिनिंगवर त्यांच्या जागी त्यांनीच शिकवलेला पोरगा फिटर झालाय. १२,००० ची उचल फेडायची राहिलीय आणि शेवटच्या १७ हजेऱ्यांचा पगारही घेतलेला नाही. ते विचारतात: ‘माझी चूक झाली. आता कोणत्या तोंडानं परत जाऊ? शेठ घेतील का? गाव हसेल त्याचं काय?’

भाऊ,

तुमच्या पत्रात ‘चूक’ हा शब्द पानोपानी आहे आणि हिशेब मात्र कुठेच नाही. म्हणून तोंडाचं नंतर बघू, आधी वही उघडू.

चाकणचे २१,००० हा आकडा कागदावरचा. त्यातून पीएफचे १,८०० (१५,००० वर १२ टक्के), ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) साधारण १५८, प्रोफेशनल टॅक्सचे २०० आणि तुम्ही लिहिलेले कँटीनचे ६०० गेले की हातात १८,२४२ उरतात. खोलीचा वाटा ३,०००, मेस ३,२००, बस आणि मोबाइल ९००. वर्षातून चार वेळा घरी येण्याचे, दर खेपेला २,५०० धरले तर महिन्याला ८३३ पडतात. सगळं वजा करून १०,३०० च्या आसपास राहतात. जिनिंगचे आठ महिन्यांचे १,१६,००० आणि चार महिन्यांचे ३६,००० मिळून १,५२,००० होतात, म्हणजे महिन्याला सरासरी १२,६६७. तेही घरची भाकर खाऊन, आणि डवरणीला मजूर लावायच्या ऐवजी स्वतः उभं राहून. ओव्हरटाइम होता तोवर चाकण पुढे होतं, तो थांबला आणि पारडं फिरलं. म्हणजे गेल्या ऑक्टोबरात तुम्ही मूर्खपणा केला असं नाही. तेव्हाचा हिशेब ओव्हरटाइम धरून होता, आणि ओव्हरटाइम कुणी लिहून देत नाही.

आता चाकणच्या बाजूनंही थोडं बोलायला हवं. तिथं तुमच्या पगारातून कापलेले १,८०० बुडत नाहीत, ते तुमच्याच पीएफ खात्यात जातात आणि मालकाकडूनही तेवढाच वाटा पडतो (त्यातले १,२५० पेन्शनकडे). ईएसआयसीमुळे घरच्यांच्या दवाखान्याची सोय आहे. जिनिंगमध्ये ती नसेल, कारण कापूस पिंजून गाठी बांधणारे हंगामी कारखाने ईएसआयसीच्या कक्षेबाहेर आहेत. दीड वर्षाची मुलगी घरात असताना ही गोष्ट किरकोळ नाही. जुन्या जागी तुमचा पीएफ कापला जात होता का, हे पत्रात नाही. जात असेल तर तुमचा हिशेब एक होतो, नसेल तर दुसरा.

दुसरी शंका थोडी नाजूक आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रात्रपाळी करून आल्यावर, पहाटे झोप येईना म्हणून लिहायला बसलो. रात्रपाळीच्या तिसऱ्या आठवड्यात कुठलीही नोकरी सोडावीशी वाटते. शिवाय पाऊस पडलाय, घरी डवरणी चालू आहे आणि तुम्ही तिथे नाही. या दिवसांत गावाबाहेरच्या शेतकऱ्याच्या पोराला करमत नाही, त्याला नोकरी चांगली असो की वाईट. म्हणून दिवसपाळीच्या आठवड्यात एक कागद घ्या आणि तिथे नेमकं काय बोचतंय ते लिहा. ठेकेदाराचं कंत्राट आणि ‘ब्रेक’ची (मधेच कामावरून काढण्याची) भीती बोचत असेल, तर त्यावरचा उतारा जिनिंग नाही, नागपूरजवळच्या बुटीबोरीसारख्या ठिकाणी कंपनीच्या स्वतःच्या रोलवरची (थेट नेमणुकीची) जागा आहे. पाच जणांची खोली बोचत असेल तर पत्नी-मुलीला घेऊन जाणं परवडतं का, हे एकदा प्रामाणिकपणे मांडून बघा (बहुधा परवडणार नाही, पण मांडा). आणि कागदावर शेत, घर आणि २४ मशीनचा आवाज एवढंच उतरलं, तर परत जायचा विचार खरा आहे.

पुढचं सगळं तो खरा आहे असं धरून लिहितोय.

‘कोणत्या तोंडानं’ हा प्रश्न आपल्या भागाला तसा नवा आहे. सालदार पाडव्याला एका वाड्यावरून उठायचा, दुसऱ्याकडे साल धरायचा, आणि जमलं नाही तर पुढच्या पाडव्याला पुन्हा पहिल्याच मालकाच्या ओसरीवर येऊन बसायचा. घासाघीस व्हायची, पायली-दोन पायली ज्वारी कमी-जास्त व्हायची, पण त्याला हरला असं कुणी म्हणत नसे. पुण्याला गेलेला माणूस मात्र कार घेऊनच परत यावा असं आपणच हल्ली ठरवून टाकलंय. गाव हसेल, हे खरं. दिवाळीपर्यंत हसेल. मग कापूस काय भावानं जातोय याच्या चर्चेत तुमचं नाव मागे पडेल.

शेठची गोष्ट वेगळी. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही गेलात याबद्दल ते काही बोलले नाहीत, ‘कापूस दारात आला अन्’ चाललात हे बोलले. फिटर जाणं हा धंद्याचा भाग आहे, पण ऑक्टोबरच्या मध्यावर जाणं म्हणजे नांगरटीच्या दिवशी बैल सोडून नेणं. तेव्हा माफी मागायची असेल तर वेळेची मागा, नोकरी सोडल्याची मागू नका. हे दोन वेगळे गुन्हे आहेत आणि दुसरा गुन्हाच नाही. दोन्हींची माफी एका दमात मागितलीत, तर पगाराचं बोलायची वेळ येईल तेव्हा तुमची मान आधीच खाली असेल.

‘शेठ घेतील का’ याचं उत्तर शेठच्या रागात कमी आणि मशीनमध्ये जास्त आहे. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी: डीआर मशीनमध्ये चामड्याचे दोन रोलर असतात. त्यांच्या खरबरीत पृष्ठाला कापसाचा धागा चिकटतो आणि रोलर तो स्थिर सुरीखालून ओढून नेतो. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही, हलती सुरी तिला ठोकून बाजूला करते. रोलरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ओढ कमी होते आणि सरकीवर रुई राहून जाते. सुरीचा दाब जास्त ठेवला तर चामडं तापतं, लवकर झिजतं, वीजही जास्त खातं. दोन सुऱ्यांचा मेळ बिघडला तर सरकीच कापली जाते आणि तिचे तुकडे रुईत येतात. हे सगळं हातानं आणि कानानं कळतं, आणि तो कान एका हंगामात तयार होत नाही.

याचा पैशात अर्थ काय? दिवसाला ५०० क्विंटल कापूस पिंजणारी जिनिंग धरा. सेटिंग नीट नसल्यामुळे उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) फक्त अर्धा टक्का घसरला, तर रोजची अडीचशे किलो रुई सरकीबरोबर निघून जाते. गाठ १७० किलोची, म्हणजे दिवसाला जवळपास दीड गाठ. शेठ हा हिशेब तोंडी करतात. गेल्या हंगामात तुमच्या जागी नवा पोरगा होता. त्याचा उतारा किती पडला, किती रोलर बदलावे लागले, किती दिवस मशीन बंद होत्या, हे मुनीमजींना माहीत असतं. त्यांना फोन करा, तब्येत विचारा, हंगाम कसा गेला विचारा आणि ऐकून घ्या. ‘मी असतो तर’ हे तीन शब्द मात्र तोंडातून निघू देऊ नका. हंगाम चांगला गेला असेल तर तेही कळू द्या. मग तुमची गरज किती आहे याचा अंदाज घेऊन बोलता येईल.

त्या पोरालाही फोन करा, आणि शेठला भेटायच्या आधी करा. तुम्ही परत यायचं बघताय हे त्याला एका दिवसात कुणाकडून तरी कळणारच. तुमच्याकडून कळलं तर तो सोबत राहील, बाहेरून कळलं तर मशीनवर तुमच्या विरोधात उभा राहील. त्याची जागा मागायची नाही, हे आधी स्वतःशी पक्कं करा. हंगाम भरात असताना जिनिंग दोन पाळ्यांत चालते आणि दोन पाळ्यांना दोन फिटर लागतात. रात्रपाळीला बहुतेक ठिकाणी कसाबसा निभाव लागतो, बिघाड झाला की झोपलेल्या माणसाला उठवून आणतात. तुम्ही रात्रपाळी मागा. पगाराच्या बोलणीत याहून चांगलं नाणं तुमच्याकडे नाही, आणि त्या पोराच्या पोटावरही पाय येत नाही. (पहाटेच्या पत्राची आठवण आहे, पण घरी येऊन झोपायचं असेल तेव्हा रात्रपाळी वेगळी लागते.)

भेटायच्या आधी खातं पुसा. उचल १२,०००. तुमच्या १७ हजेऱ्या, १४,५०० ला २६ नं भागून रोजचे ५५८ च्या आसपास, म्हणजे साधारण ९,४८०. देणं उरलं २,५२० रुपये. दहा महिने तुम्ही १२,००० चं ओझं घेऊन फिरताय आणि खरं देणं अडीच हजारांचं आहे. मुनीमजींना हा हिशेब सांगा, त्यांच्या वहीशी जुळवा आणि पैसे आधी द्या. फोन-पेनं पाठवलेत तरी चालेल, पण पोच घ्या. उचल बाकी असलेला माणूस परत आला की ‘बुडवायचे नाहीत म्हणून आला’ असं वाटतं. उचल फेडून आलेला माणूस कामासाठी आलेला असतो.

पोळा तोंडावर आहे आणि तुम्ही येणारच असाल. पोळ्याच्या दिवशी शेठकडे जाऊ नका, त्या दिवशी कुणी धंद्याचं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर, सकाळी, ऑफिसात माणसं जमायच्या आधी जा. व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज लिहू नका, कारण लिहिलेली माफी चार जणांना दाखवली जाते. बोलणं दोन मिनिटांचं ठेवा. साधारण असं:

‘शेठजी, मागच्या साली कापूस आला अन् मी निघून गेलो. ते बरोबर झालं नाही, तुमची गैरसोय झाली. हिशेब मुनीमजींकडे चुकता केला आहे. यंदा ओव्हरहॉलिंगपासून यायची तयारी आहे. रात्रपाळी सांभाळतो. हंगाम पूर्ण करीन, तसं लिहून देतो.’

एवढं बोलून गप्प बसा. चाकणच्या कंपनीची निंदा करू नका; जो आज तिथली करतो तो उद्या इथली करेल, हे शेठला न सांगता समजतं. दुसऱ्या जिनिंगनं बोलावलंय अशी खोटी थापही मारू नका. तालुक्यातले जिनिंगवाले रोज भावासाठी एकमेकांना फोन करतात, ती थाप संध्याकाळपर्यंत टिकत नाही. चाकणला शिकलेलं काही असेल तर ते जरूर सांगा. प्रत्येक मशीनची वेगळी नोंदवही, बेअरिंगला ग्रीस कधी दिलं त्याची तारीख, बिघाड व्हायच्या आधी भाग बदलायचं वेळापत्रक. जुन्या जिनिंगमध्ये हे सगळं फिटरच्या डोक्यात असतं. ते वहीत आणतो म्हटलंत तर तुम्ही नुसते परत आलेले राहत नाही.

शेठ हो म्हणाले की खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक जण इथेच ढिले पडतात. घेतलं हेच खूप झालं, आता अटी कुठं घालायच्या, असं वाटतं. पण एका पानावर चार-सहा गोष्टी लिहून घ्यायला काहीच हरकत नाही: हंगामाचा पगार किती आणि कुठल्या तारखेपासून, बिगरहंगामी महिन्यांचे किती आणि त्या महिन्यांत बाहेरचं काम करायची मोकळीक आहे का, पीएफ कापणार का (२० किंवा जास्त कामगार असतील तर कायद्यानं कापायलाच हवा), पेरणीला किती दिवस सुटी. आणि अपघाताचा विमा. ईएसआयसी नसली तरी कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते. त्यासाठी पॉलिसी काढलेली आहे का, ते विचारा. सुरीजवळ हात घालणाऱ्या माणसानं हे विचारण्यात कसला उद्धटपणा? पगारात पहिल्या वर्षी फार ताणू नका. बिगरहंगामी ९,००० वाढवून मागणं जास्त शहाणपणाचं, कारण तुम्ही गेलात ते त्याच चार महिन्यांच्या ओढाताणीनं, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं.

ग्रॅच्युइटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगायलाच हवं. किमान पाच वर्षं सलग काम केलेल्याला ती मिळते, आणि तुमची सात झाली आहेत. हंगामी कारखान्यात फक्त हंगामापुरतं काम करणाऱ्याला दर हंगामाला सात दिवसांचा पगार, वर्षभर काम करणाऱ्याला दर वर्षाला पंधरा दिवसांचा. तुम्ही बिगरहंगामातही ओव्हरहॉलिंगला होता, म्हणून पंधरा दिवसांचा दावा तुमच्याकडे आहे. मूळ पगार १४,५०० धरला तर पहिल्या हिशेबानं साधारण २७,३००, दुसऱ्यानं साधारण ५८,५००. अर्ज उशिरा केला एवढ्यानं हक्क बुडत नाही. हे पहिल्याच भेटीत काढू नका, पण सोडूनही देऊ नका. परत लागल्यावर नोकरी नव्यानं मोजली जाते. म्हणून एकतर जुनी ग्रॅच्युइटी घ्या, नाहीतर जुनी सात वर्षं पुढे जोडून धरणार असं त्या पानावर लिहून घ्या. तोंडी ‘बघू’ म्हणजे दोन्ही गेली. तुमच्या हजेरीचा पुरावा आत्ताच गोळा करा: पगाराच्या बँक एंट्री, पीएफ पासबुक, जुनं ओळखपत्र.

चाकणहून निघताना ऑक्टोबरातली चूक पुन्हा करू नका. नेमणुकीच्या कागदावर नोटीस किती दिवसांची आहे ते बघा, तेवढे दिवस भरा, ठेकेदाराकडून काम सोडल्याचं पत्र आणि शेवटच्या तीन पगारपावत्या घ्या. पीएफवर सोडल्याची तारीख बरोबर चढली का ते तपासा. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर पुढे पैसे ट्रान्सफर करताना अर्ज परत येतो. आणि पीएफ काढू नका. सगळ्यांचा मोह तोच असतो, पोळ्याला घरी जाताना खात्यात पैसे हवेत. पण पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. जिनिंगची वर्षं पीएफमध्ये असतील तर तुम्ही निम्म्याहून पुढे आहात. परत लागताना तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या. बोनसचंही विचारा. आर्थिक वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर ठेकेदाराकडच्या कामगाराचाही त्यावर हक्क असतो, आणि मार्चपर्यंतचे तुमचे पाच-साडेपाच महिने भरलेले आहेत. दिवाळीला तो वाटला जाईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल, म्हणून बँक खाते आणि फोन नंबर लिहून देऊन या.

आणि शेठ नाही म्हणाले तर? रागानं ‘नाही’ म्हणाले तर आठ दिवसांनी मुनीमजींकडे एकदा चौकशी करा. ‘जागा नाही’ म्हणाले तर ओव्हरहॉलिंग अंगावर घेऊन करतो म्हणा, म्हणजे मशीनमागे ठरवून पैसे, महिन्याचा पगार नाही. हंगामाआधीच्या दीड-दोन महिन्यांत वणी, पांढरकवडा, राळेगाव, हिंगणघाट या पट्ट्यात चांगल्या फिटरला एका जिनिंगवरून दुसऱ्या जिनिंगवर जायला पुरेसं काम असतं, आणि एखादी जिनिंग तिथूनच हंगामासाठी ठेवून घेते. नागपूरला अमरावती रस्त्यावर सिरकॉटचं (केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे जिनिंगच्या कामाचं प्रशिक्षण मिळतं. सात हंगामांचा अनुभव आहे पण कागद नाही, अशा माणसाला तो कागद नव्या मालकापुढे उपयोगी पडतो. पुढची बॅच कधी आहे ते चाकणहूनच फोनवर विचारून ठेवा.

फक्त वेळ सांभाळा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बहुतेक जिनिंगचे फिटर ठरलेले असतात. चाकणची नोटीस एक महिन्याची असेल तर पोळ्याच्या खेपेत शेठला भेटून, होकार घेऊन, मग राजीनामा दिलात तर हंगाम गाठाल. होकाराआधी राजीनामा देऊ नका. आणि पत्नीला हे सगळे आकडे दाखवा, पोळ्याच्या आधी. पत्रात आई काय म्हणते ते आहे, शेठ काय म्हणाले ते आहे, गाव काय म्हणेल तेही आहे. त्या काय म्हणतात, ते मात्र कुठे दिसलं नाही.